रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि आपली गावे

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाची मालमोटार अडविताना त्यांनी प्राणार्पण केले. परकीय माल नाकारला, की तो माल येथेच निर्माण करण्याची विद्या मिळविणे ओघानेच येते. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, तेव्हा वस्त्ररसायन हा तेथील आरंभीच्या विषयांपैकी एक होता. पुढे १९५० च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले.

या विद्येचे दार सर्वांना सहज उघडले नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत, म्हणजेच पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एक वर्षाच्या अटीवर त्यांना प्रवेश दिला. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन करून त्यांनी १९३६ साली एम.एस्सी. पूर्ण केली व १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. विषय घरोघरच्या चुलीवरचा, पण अभ्यास उच्च प्रतीचा होता.

बी.एस्सी. आणि एम.एस्सी. यांतील भेद याच उदाहरणावरून स्पष्ट होईल. डाळीतील प्रथिने मोजण्यासाठी डाळ तीव्र गंधकाम्लात तापवितात, तिच्यातील नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजतात आणि आलेल्या आकड्यास ६.२५ ने गुणतात. ही कृती पदवीचा विद्यार्थी करू शकतो. परंतु डाळीतील सर्वच नायट्रोजन प्रथिनांचा असतो काय? ६.२५ हा गुणक प्रत्येक धान्यास सारखाच लागू पडतो काय? असलेले प्रथिन पचते किती? हे प्रश्न विचारून उत्तर शोधण्याची शिस्त पदव्युत्तर अभ्यासातून लाभते. भौतिक, अकार्बनी, कार्बनी व वैश्लेषिक या शाखांचा चार सत्रांचा अभ्यास, प्रयोगशाळेतील काम आणि प्रकल्प यांचा हेतू आकड्याची पारख शिकविणे हाच असतो.

गावालाही या पारखीची गरज आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. परंतु विहिरीचा अहवाल हाती आल्यावर नमुना कोठून घेतला, पावसाळ्यापूर्वी की नंतर, बाटली स्वच्छ होती काय, हे विचारणारा जाणकार गावात असेल तरच त्या अहवालाचा खरा उपयोग होतो. मृद्परीक्षणाच्या अहवालाचेही तसेच आहे.

म्हणून बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींचे शिक्षण तेथेच खुंटू नये, याकडे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. विद्यापीठांच्या प्रवेशप्रक्रियेची, भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील एम.एस्सी.साठी असलेल्या जॅम परीक्षेची व शासकीय शिष्यवृत्त्यांची माहिती त्यांना तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच द्यावी. वसतिगृहाची चौकशीही वेळीच करावी. मुलींच्या बाबतीत तर घरच्यांशी बोलणे हेच पहिले काम ठरते. कमलाबाईंना एका संस्थेचे दार उघडून घ्यावे लागले. आपल्या गावातील मुलीसाठी ते दार आज उघडे आहे. तिला तेथवर पोहोचविणे मात्र आपल्या हाती आहे.