शर्यत, ध्वनी आणि प्रकाश

डिसेंबर महिना आला की अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांतील शाळांचे क्रीडामहोत्सव सुरू होतात. मैदानावर फक्कीने पट्टे आखले जातात, धावपटू ओणवे होऊन सज्ज होतात, बार होतो आणि सारे धावत सुटतात. परंतु ज्या विद्यार्थ्याला हा बार ऐकूच येत नाही, त्याने केव्हा धावायचे? हा प्रश्न दयाबुद्धीचा नाही, तर मोजमापाचा आहे. पदार्थविज्ञानाच्या साहाय्याने तो सोडवून पाहू या.

कर्णबधिर खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुष्कळ जुन्या आहेत. पहिल्या स्पर्धा १९२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे झाल्या. यूजीन रुबेन्स-अल्के या फ्रेंच गृहस्थाने त्यासाठी पुढाकार घेतला होता. नऊ देशांचे सुमारे दीडशे खेळाडू त्यांत उतरले आणि धावण्याच्या शर्यती तेव्हापासूनच या स्पर्धांत आहेत. रोम येथील पहिल्या पॅरालिम्पिक स्पर्धा १९६० च्या, म्हणजे त्यानंतर छत्तीस वर्षांनी झालेल्या. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९५५ मध्ये कर्णबधिरांच्या क्रीडासंघटनेला मान्यता दिली. २००१ पासून या स्पर्धा ‘डेफलिम्पिक्स’ या नावाने ओळखल्या जातात. शंभरी पूर्ण केल्यानंतरच्या स्पर्धा २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियो येथे झाल्या. त्यांत प्रांजली धुमाळ हिने २५ मीटर पिस्तूल नेमबाजीत भारतासाठी सुवर्णपदक मिळवले.

५५ डेसिबेल म्हणजे किती?

या स्पर्धांत भाग घेण्यासाठी, दोन कानांपैकी जो अधिक चांगला असेल त्या कानाची श्रवणहानी निदान ५५ डेसिबेल असावी लागते. डेसिबेल हे माप मीटर किंवा किलोग्रॅमसारखे सरळ वाढत नाही. दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५० डेसिबेलला ती एक लाख पट, आणि उरलेल्या ५ डेसिबेलसाठी १० च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने, गुणायचे. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या ध्वनीची तीव्रता सुमारे ३ लाख १६ हजार पट वाढवावी, तेव्हा कुठे या खेळाडूला काही ऐकू येते! एक मीटरवरून केलेले आपले नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबेलचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे कल्पना येईल. अशी तपासणी व तिचे शिक्षण देणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आपल्या वांद्र्यातच आहे.

आता एक अडचण पाहा. ५५ डेसिबेल हानी असलेल्याला पिस्तुलाचा बार कदाचित ऐकू येईल, पण १०० डेसिबेल हानी असलेल्याला तो नीट ऐकू येणार नाही. म्हणजे कर्णबधिरांच्या शर्यतीतही बार हा सर्वांना सारखा इशारा ठरत नाही. म्हणून स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते आणि इशारा दिव्याने दिला जातो. प्रत्येक धावपटूपुढे जमिनीवर दिवा असतो. लाल दिवा म्हणजे ‘जागेवर’, पिवळा म्हणजे ‘सज्ज’ आणि हिरवा म्हणजे ‘धावा’. दिवा जमिनीवर ठेवण्याचेही कारण आहे. इशारा पाहण्यासाठी मान वर किंवा बाजूला करावी लागली, तर सुरुवातीचा पवित्राच बिघडतो.

कोण जलद?

हवेतील ध्वनीचा वेग ० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ३० अंश तापमानाला तो ३४९ मीटर होतो. धावपट्ट्याची रुंदी १.२२ मीटर असते. इशारा देणारा पहिल्या पट्ट्याच्या बाजूला उभा असेल, तर आठव्या पट्ट्यातील धावपटू पहिल्यापेक्षा ७ × १.२२ = ८.५४ मीटर दूर असतो. त्याला बार ८.५४ ÷ ३४९, म्हणजे सुमारे ०.०२४ सेकंद उशिरा ऐकू येतो. सेकंदाला ९ मीटर वेगाने धावणारा तेवढ्या वेळात वीतभर पुढे जातो. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे ध्वनिक्षेपक बसवतात. प्रकाशाला हेच अंतर कापायला एका सेकंदाचा सुमारे साडेतीन कोटीवा भाग पुरतो. तेव्हा वाटेत प्रकाश जिंकतो.

परंतु शरीरात शिरल्यावर निकाल उलटतो. कानात ध्वनीच्या कंपनांनी अंतर्कर्णातील रोमपेशी प्रत्यक्ष हलतात आणि संदेश लगेच निघतो. डोळ्यातील दृष्टिपटलावर मात्र आधी रासायनिक क्रिया व्हावी लागते आणि तिला वेळ लागतो. त्यामुळे ध्वनीचा प्रतिक्रियाकाल साधारण ०.१५ सेकंद असला, तर प्रकाशाचा ०.१९ च्या आसपास असतो. सर्वांनाच दिवा असेल, तर हा फरक सर्वांना सारखाच पडतो आणि अन्याय होत नाही.

अन्याय होतो तो दुसरीकडे. ऐकू येणाऱ्या मुलांबरोबर धावणारा कर्णबधिर विद्यार्थी काय करतो? तो शेजाऱ्याकडे पाहतो. शेजारी बारानंतर ०.१५ सेकंदाने हलतो. ते पाहून याचे पाय हलायला आणखी ०.१९ सेकंद लागतात. एकूण ०.३४ सेकंद! शंभर मीटर १२.५ सेकंदांत धावणाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला ८ मीटर असतो. त्याचे ०.१९ × ८, म्हणजे सुमारे दीड मीटरचे नुकसान पाय उचलण्यापूर्वीच झालेले असते. त्याचा चौथा क्रमांक आला, तर तो पायांमुळे आला की इशाऱ्यामुळे, हे कोण सांगणार?

वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांनुसार कर्णबधिर धावपटूने सुरुवातीला दिव्याचा वापर करणे ही ‘मदत’ समजली जात नाही. मात्र ते साधन आणण्याचा व खर्चाचा भार बहुधा खेळाडूवर किंवा त्याच्या संघावरच पडतो. शाळेच्या मैदानावर तेवढ्या खर्चाची गरज नाही. इशारा देणाऱ्या शिक्षकांनी धावपटूंच्या पुढे थोड्या अंतरावर, सर्वांना दिसेल असे उभे राहावे आणि बाराच्या क्षणीच रंगीत झेंडा झटक्याने खाली आणावा. वेळ मोजणारे शिक्षक आवाजावर नव्हे, तर धुरावर घड्याळ सुरू करतात, कारण शंभर मीटरवर आवाज ०.२९ सेकंद उशिरा पोहोचतो. घड्याळासाठी घेतलेली ही काळजी विद्यार्थ्यासाठीही घेता येईल.

करून पाहा

१. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेपाशी तुमची बोटे न टेकवता ठेवा. पट्टी सुटताना दिसली की पकडा. पट्टी अ मीटर घसरली असेल, तर वेळ = √(२अ ÷ ९.८) सेकंद. २० सेंटिमीटरला ०.२० सेकंद येतो. दहा वेळा करून सरासरी काढा.

२. आता डोळे मिटा. मित्राने पट्टी सोडतानाच दुसऱ्या हाताने बाकावर टिचकी मारावी. ती ऐकून पट्टी पकडा. दोन्ही सरासऱ्यांची तुलना करा.

३. आता कानांत कापसाचे बोळे घाला. पट्टीकडे पाहू नका. शेजारी बसलेला तिसरा मित्र टिचकी ऐकून बोट उचलील, ते दिसले की पट्टी पकडा. बहुधा पट्टी पूर्ण निसटून जाईल, कारण ०.३४ सेकंदात ती सुमारे ५७ सेंटिमीटर पडते. मीटरपट्टी घेऊन पुन्हा मोजा आणि तुमचे आकडे क्रीडाशिक्षकांना दाखवा.