‘आमचं घर नको दाखवू’

ताई, दादा, मागच्या रविवारी तुमच्यातलीच एक आई पोरीचा हात धरून आमच्या सिनेमाच्या वर्गात आली. म्हणाली, “मॅडम, हिला शिणुमाचं याड लावू नका. आधीच अभ्यासाला बसंना.”

मला राग आला नाही. मेणवलीत ‘स्वदेस’चं शूटिंग झालं, वाईत ‘दबंग’ आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’चं. आपली माणसं गेली ती गर्दीत उभी राहायला. दिवसभर ऊन खायचं आणि पडद्यावर डोक्याचा ठिपकासुद्धा सापडत नाही. सिनेमा तुम्हाला एवढाच दिसला, त्यात तुमची काय चूक?

याड म्हणाल तर ते वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनाही होतं. शाळा दीड दिवसाची. मुंबईत सिनेमाची पोस्टरं बघत अक्षरं लावली, असं सांगतात. पुढं 1961 साली त्यांच्याच कादंबरीवर ‘वैजयंता’ निघाला.

आम्ही कुणाला हिरो करत नाही. मोबाइल आडवा धर, दहा आकडे मोजेपर्यंत हलू नको, काय दाखवायचं ते आधी वहीत लिही, एवढंच शिकवतो. अर्ध्या तासाच्या शूटिंगमधली तीन मिनिटं ठेवायची. हौसेनं काढलेलं आपल्याच हातानं कापायचं, हे पोरांना सगळ्यात जड जातं. पुढं लग्नाचं शूटिंग, एडिटिंग अशी कामं मिळू शकतात. मिळतीलच अशी हमी मी देणार नाही.

माझं मागणं वेगळंच आहे. पोरांनी घरात मोबाइल धरला की तुम्ही पदर तोंडावर घेता, पातेली पलंगाखाली सारता. “हितं काय हाय दाखवण्यासारखं? सरपंचाचा बंगला दाखव की.” मग पोरंही शेजारच्या बागेतल्या फुलांचं शूटिंग करून आणतात. फुलं सगळ्यांची सारखीच येतात हो!

‘फँड्री’ सिनेमातला जब्याही असाच डुकरं धरायला लाजतो, तेही वर्गातली मुलगी बघेल म्हणून. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे करमाळ्याकडच्या केमचा, हलगी वाजवणारा पोरगा. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला.

आमच्या वर्गातल्या एकीनं ऊसतोडीच्या फडात नुसते आईचे हात टिपले. वाढं पिळून मोळी आवळताना मनगटावर आलेली शीर, नखात बसलेली काजळी. समाजमंदिरात चादर लावून दाखवलं, तेव्हा आई पहिल्यांदा हसली, मग गप्प झाली. घरी जाताना एवढंच म्हणाली, “माझं हात असं दिसत्यात व्हय?”

तेव्हा रविवारी दहाला पाठवा. डबा द्या, मोबाइल चार्ज करून द्या. आणि घरात शूटिंग चाललं असेल तेव्हा पातेली असू द्या जिथल्या तिथं. पंखा तेवढा बंद करा, आवाज येतो त्याचा.