न चटकणारं ऊन

मेलबर्नला नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना मी घर, शाळा, ट्रामचं कार्ड या सगळ्याच्या आधी एक गोष्ट सांगते. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमानाबरोबर यूव्ही निर्देशांकही येतो, तो रोज बघायची सवय लावा. नाना, म्हणजे माझे सासरे, साताऱ्याहून आले होते, तेव्हापासून मी याबाबत फार आग्रही आहे.

नोव्हेंबरातला शनिवार होता, नातवाची क्रिकेटची मॅच. पारा 20 अंशांच्या आसपास, वर विरळ ढग आणि गार वारा. टोपी पुढे केली तर नाना म्हणाले, "अगं, जन्म शेतात गेला माझा. ह्याला काय ऊन म्हणायचं?" सकाळी दहापासून दोनपर्यंत ते बाउंड्रीपाशी खुर्ची टाकून बसले. रात्री मान आणि कान नुसते पेटले होते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, पण सदऱ्याची कॉलरसुद्धा त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी कानांवर फोड आले.

डॉक्टरांनी आधी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं. या औषधाने काहींची त्वचा उन्हाला हळवी होते. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचंही तेच. अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण परदेशी निघण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारून घ्या.

अतिनील, म्हणजेच यूव्ही, किरण अंगाला जाणवतच नाहीत. चटका बसतो तो उन्हातल्या उष्णतेचा. म्हणून तर हे किरण मोजावे लागतात. त्यांचा निर्देशांक 1992 मध्ये कॅनडात सुरू झाला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो जगभरासाठी स्वीकारला. कुठले किरण कातडी किती भाजतात याचा हिशेब धरून, चौरस मीटरला 25 मिलीवॉट म्हणजे 1. निर्देशांक 3 झाला की जपायला लागायचं, 8 म्हणजे फार तीव्र, 11 पासून पुढे अतितीव्र. सूर्य किती वर आहे, वातावरणात ओझोन किती आहे, जागा किती उंचावर आहे यावरून अंदाज बांधतात. बाहेर गार आहे की गरम, याचा त्यात काही संबंध नाही. विरळ ढगांतून तर हे किरण बहुतांशी खाली येतातच.

इथलं हवामान खातं किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत जपायचं, त्या वेळाही देतं. त्या वेळा बघूनच बाहेरची कामं आखा, कारण उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात आणि सूर्य माथ्यावर येतो एक-दीडच्या सुमारास. बारा टळले, आता काळजी नाही, हा आपला हिशेब इथे चालत नाही. 'अरपान्सा' ही सरकारी संस्था शहरोशहरी यंत्रं लावून प्रत्यक्ष किरणही मोजते. ढगाळ दिवशी मी तो ताजा आकडा बघते.

सनस्क्रीन लावायचं तर सढळ हाताने लावा. एकेका हाताला चमचाभर, एकेका पायाला चमचाभर, बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं आणि दर दोन तासांनी पुन्हा. कान आणि मानेचा मागचा भाग हमखास राहून जातो. गोऱ्यांच्या मानाने आपल्याला त्वचेच्या कर्करोगाचा धोका बराच कमी, हे खरं. त्यामुळे हिवाळ्यात निर्देशांक 3 च्या खाली असताना खुशाल उन्हात बसा, 'ड' जीवनसत्त्वासाठी ते हवंच. डोळ्यांना मात्र कातडीचा रंग वाचवत नाही. अतिनील किरणांनी मोतीबिंदूचा धोका वाढतो, तेव्हा गॉगल आणि रुंद काठाची टोपी हवीच.

आणि हे फक्त ऑस्ट्रेलियातच आहे असं नाही. मे महिन्यात मुलांना घेऊन महाबळेश्वरला जाता ना? तिथे हवा गार, पण सूर्य जवळजवळ डोक्यावर. शिवाय दर हजार मीटर उंचीला हे किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, आणि महाबळेश्वर 1,300 मीटरहून उंच. पॉइंट बघायचे ते सकाळी लवकर किंवा चारनंतर. फोनला रेंज नसेल तर मुलांना आपापली सावली बघायला सांगा. ती त्यांच्या उंचीपेक्षा आखूड झाली की झाडाखाली यायचं.