काळ, काम, वेग आणि संगणकक्षेत्रातील व्यवस्थापन

दहा मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर वीस मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील? काळ-काम-वेगाचे हे उदाहरण आपण सर्वांनी शाळेत सोडविले आहे. उत्तर तीन दिवस. संगणकप्रणाली घडविण्याच्या कामात मात्र हे त्रैराशिक चुकते. ते का चुकते हे जाणणे, हा माहिती तंत्रज्ञानातील व्यवस्थापनाचा पहिला पाठ होय. आपले अनेक माजी विद्यार्थी या क्षेत्रात आहेत. काहींवर कार्यगटाची जबाबदारीही आली आहे. त्यांच्यासाठी व पालकांसाठी या विषयाचा इतिहास थोडक्यात मांडतो.

हातांचे काम

आधुनिक व्यवस्थापनशास्त्र कारखान्यात जन्मले. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९११ च्या आपल्या ग्रंथात लोखंड वाहणाऱ्या मजुराचे उदाहरण दिले आहे. दिवसाला साडेबारा टन उचलणारा मजूर, काम व विश्रांतीच्या वेळा आखून दिल्यावर ४७ टन उचलू लागला, असे तो सांगतो. मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरपर्यंतच वाढली. पुढील अभ्यासकांनी या हकिकतीच्या तपशिलाविषयी शंका घेतल्या. तरीही, विचार वरिष्ठाने करावा आणि मजुराने तो अमलात आणावा, ही टेलरची विभागणी जगभर रूढ झाली.

बुद्धीचे काम

१९५९ मध्ये पीटर ड्रकर यांनी ‘ज्ञान-कामगार’ ही संकल्पना मांडली. अशा कामगाराचे मुख्य साधन त्याची बुद्धी असते. तिचे काम टनांत मोजता येत नाही.

याचा प्रत्यय आयबीएम कंपनीस आला. एप्रिल १९६४ मध्ये तिने ‘सिस्टीम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या कार्यप्रणालीचे प्रमुख होते फ्रेडरिक ब्रूक्स. माणसे वाढवूनही काम रखडले. या अनुभवाची चिकित्सा त्यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ या ग्रंथात केली. उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातल्यास उशीर आणखी वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष.

कारण सोपे आहे. नव्या माणसाला शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय प्रत्येकाला इतरांशी मेळ घालावा लागतो. पाच जणांत अशा जोड्या १०, दहा जणांत ४५, तर पन्नास जणांत १,२२५ होतात. माणसे दुप्पट झाली की संवादाचा भार चौपटीहून अधिक होतो.

पायऱ्या आणि फेऱ्या

विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये पायरी-पायरीने काम करण्याच्या पद्धतीचे वर्णन केले. चाचणी अखेरीस आल्याने दोष उशिरा उघड होतात, हा धोकाही त्यांनीच दाखविला होता. तरी अनेक संस्थांनी तीच पद्धत स्वीकारली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी ‘अजाइल’ जाहीरनामा तयार केला : थोडे काम करावे, ग्राहकास दाखवावे, सुधारावे. ‘स्क्रम’ या पद्धतीत कामाची एक फेरी जास्तीत जास्त एक महिन्याची असते आणि गटाची रोज पंधरा मिनिटांची बैठक होते.

परंतु त्या बैठकीत सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याला ‘हे काम शुक्रवारपर्यंत होणार नाही’ असे निर्भयपणे सांगता येत नसेल, तर ती केवळ हजेरी ठरते. जपानच्या टोयोटा कारखान्यात दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून मदत मागू शकतो. दोष वेळेत दूर न झाल्यास उत्पादन थांबते. जो काम करतो, त्याला कामातील दोष प्रथम दिसतो, हे तेथे मान्य केलेले आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, कनिष्ठ असाल तर अडचण लवकर आणि पुराव्यानिशी सांगा. प्रमुख असाल तर ती न रागावता ऐका. मुदत हुकत असेल तर माणसे कोंबण्यापूर्वी कामाची व्याप्ती कमी करता येईल का, तारीख पुढे नेता येईल का, याचा विचार करा. पालकांनीही ध्यानात घ्यावे की, मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत राबत असेल, तर दोष त्यांच्या वेगाचाच असेल असे नाही. मुदत ठरविणाऱ्याचा हिशेबही चुकलेला असू शकतो.

प्रमाणपत्रासाठी या पद्धतींची नावे पाठ करता येतात. परंतु हाताखालच्या माणसाला खरे बोलण्याची मोकळीक देणे, ही त्या विद्येची खरी परीक्षा आहे. आपले विद्यार्थी तीत उत्तीर्ण होवोत, ही सदिच्छा.