काटा, फूल आणि नाते

खापरच्या शिवारात हिवाळ्यात बांधांवर व पडीक जमिनीवर काटेरी रोपटी ठळकपणे नजरेस येतात. गोल चेंडूसारख्या फुलांचा उटकटारा आणि पिवळा धोतरा ही त्यांतील दोन. दोघांनाही काटे असल्यामुळे ती एकाच कुळातील असावीत, असा समज होतो. परंतु वनस्पतींचे नाते काट्यांवरून नव्हे, तर फुलांच्या रचनेवरून ठरते. हा भेद आमच्या पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा, कारण त्यात आरोग्याचाही प्रश्न आहे.

झेंडूचे फूल उकलून पाहावे. जिला आपण पाकळी म्हणतो, ते स्वतंत्र लहान फूल असून त्याच्या बुडाशी बी धरते. अशी अनेक फुले एकाच बैठकीवर दाटीने नांदतात. हीच सूर्यफूल कुळाची खूण. जगात या कुळाच्या २०,००० हून अधिक जाती आहेत. शेवंती, माका, एकदांडी, उटकटारा आणि करडई हे सारे त्यातीलच. करडईचे जुने नाव कुसुंभ. तिच्या फुलांच्या रंगाने पूर्वी वस्त्रे रंगवीत. दवाने काटे नरम असताना, पहाटेच तिची कापणी करतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-६’ ही तिची बिनकाट्याची जात विकसित केली आहे.

पिवळा धोतरा मात्र अफूच्या कुळातला. तो खऱ्या धोतऱ्याचाही नातलग नव्हे. त्याच्या पाकळ्या मोजक्या व सुट्या असतात आणि देठ मोडताच पिवळा चीक येतो. मोहरीसारख्या दिसणाऱ्या त्याच्या बियांचे तेल विषारी असते. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील या भेसळीने अनेकांचे प्राण घेतले.

याउलट गाजर गवताला एकही काटा नाही, आणि ते सूर्यफूल कुळातलेच. मूळचे अमेरिका खंडातले हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले व पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज व चट्टे येतात. परागामुळे शिंका व दम्याचा त्रास होतो. एकेक रोप हजारो बिया टाकते.

म्हणून शाळेच्या वा गावाच्या श्रमदानात मुलांना हे गवत उघड्या हातांनी उपटू देऊ नये. ते मोठ्यांनी हातमोजे घालून, नाकातोंडावर कापड बांधून, फुलोऱ्यापूर्वी व जमीन ओली असताना मुळासकट काढावे. काटा दिसतो, म्हणून हात आपोआप आखडतो. जिथे काटा नाही, तिथे माहितीनेच हात सावध होतो.