हिमालयन आठ वर्षं सांभाळायची, तर किलोमीटरमागे किती?

रॉयल एन्फील्डची हिमालयन घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये दोन प्रश्न हमखास विचारतो: ऑन-रोड किती आणि ॲव्हरेज किती? वर्षाला आपण गाडी किती चालवणार, हे मात्र तो मनाशीही धड ठरवत नाही. गाडी परवडणार की नाही, हे खरं तर त्यावरच ठरतं.

आधी खरेदीचं बघू. 452 सीसीच्या नव्या हिमालयनची एक्स-शोरूम किंमत तीन लाखांच्या आसपास आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरच्या दुचाकींना 40 टक्के जीएसटी लागतो आणि 350 पर्यंतच्यांना 18. वर राज्याचा रस्ता कर आणि नव्या दुचाकीला सक्तीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा. महाराष्ट्रात सगळं धरून साडेतीन लाखांच्या वर जातं. आपण 3 लाख 60 हजार धरू.

आता वर्षाला 10 हजार किलोमीटर, म्हणजे आठ वर्षांत 80 हजार, असा हिशोब मांडू. आठ वर्षांनी 1 लाख 20 हजारांना गाडी विकली गेली, तर घसाऱ्यापोटी किलोमीटरमागे 3 रुपये गेले. पेट्रोल लिटरला 104 रुपये आणि ॲव्हरेज 28 धरलं, तर आणखी 3 रुपये 70 पैसे. मागचा टायर 12 हजार आणि पुढचा 18 हजार किलोमीटर टिकला, तर दोन्हींचे मिळून 65 पैसे. चेन-स्प्रॉकेट सेट 20 हजारांनी बदलला तर 25 पैसे. सर्व्हिसिंगचे वर्षाला 8 हजार म्हणजे 80 पैसे, विम्याचे साधारण 65. बेरीज 9 रुपयांच्या घरात जाते.

हीच गाडी वर्षाला 3 हजार किलोमीटरच फिरली, तर? पेट्रोल आणि टायरचा दर तोच राहतो. पण विमा गाडी उभी असली तरी भरावा लागतो. ऑइल आणि ब्रेक फ्लुइड किलोमीटर झाले नाहीत तरी मुदतीनुसार बदलावं लागतं. गाडी कमी फिरली म्हणून विकताना 20 हजार जास्त मिळाले असं धरलं, तरी किलोमीटरमागे साडेसतरा रुपयांच्या आसपास खर्च येतो. वर्षातून एकदा लडाख आणि एरवी महिन्यातून एखादी ताम्हिणी, एवढंच फिरणं असेल, तर लेहला भाड्याची गाडी घेणं सरळ स्वस्त पडतं. शोरूमवाला हे सांगणार नाही.

जुनी 411 सीसीची हिमालयन 2016 ला आली आणि 2023 मध्ये बंद झाली. तिचं इंजिन हवा आणि ऑइलवर थंड होतं, टॅपेट स्क्रूचे. बुलेटवर हात बसलेला गावातला मेकॅनिकही ते सेट करून देतो. 452 च्या इंजिनला रेडिएटर आहे, दोन कॅमशाफ्ट आहेत आणि व्हॉल्व्हचं अंतर शिम बदलून जुळवावं लागतं. ते काम वाटेतल्या गॅरेजचं नव्हे. ताकद 24 वरून थेट 40 बीएचपीवर गेली, त्याची ही किंमत. मला विचाराल, तर घाईत नसलेल्या माणसाला लांबच्या पल्ल्याला सांभाळायला 411 च सोपी.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी वरच्या आकड्यांत थोडी भर घालावी. खाऱ्या हवेने चेन, स्पोक आणि नटबोल्ट लवकर गंजतात. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर चेन धुऊन, कोरडी करून ल्यूब मारली, तर सेटचं आयुष्य वाढतं. त्या डब्याचे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. खडबडीत रस्त्यावर जास्त चालवणार असाल, तर हँडलचे बेअरिंग आणि पुढच्या शॉकअपचे ऑइल सील हेही खर्चात धरा.

विम्यात झीरो डेप पहिली पाच वर्षं घ्यावा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर 50 टक्के कापून घेतात, आणि पडलेल्या गाडीचं तुटतं तेच. ओढ्यात बंद पडलेली गाडी तिथेच सेल्फ मारून सुरू करू पाहिली आणि इंजिन गेलं, तर तो खर्च साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

सेकंडहँड घेताना आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल, तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी परराज्यातली असेल, तर तिकडच्या आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर घ्यावी आणि इथला रस्ता कर भरायची तयारी ठेवावी. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, म्हणून त्याने भरलेला हप्ता बघून आपला अंदाज बांधू नका.