चित्राची वीण

गेल्या वर्षींच्या वार्षिकांत माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती सांगितल्यावांचून हा पाठ आरंभितां येत नाहीं. अनेक वर्षें शाळेची घंटा वाजविणारे आपले शिपाईमामा त्या वर्षीं निवर्तले. अंकांत त्यांचें छायाचित्र असावें अशी सर्वांचीच इच्छा होती. पण त्यांचें एकट्याचें छायाचित्र कोठेंच मिळेना. अखेर एका माजी विद्यार्थ्यानें जुन्या समूहचित्राची प्रत व्हॉट्सॲपवरून धाडली. मीं तींतून मामांची छबी कापून घेतली, मोठी केली आणि छापखान्याकडे दिली. संगणकाच्या पडद्यावर ती मला बरी दिसली होती. अंक छापून आला तेव्हां त्या जागीं करड्या चौकोनांचा पुंजका होता. मामींनीं तें पान बराच वेळ न्याहाळलें आणि मला विचारलें, "हे कोण हो, सर?"

छापखान्याचा यांत कांहीं दोष नव्हता. दोष काय होता, हें कळण्यास आपल्या सोलापुरास दूर जावें लागत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं माग आहेत, निदान पूर्वीं होते. चादरीवरचा मोर दुरून पाहा: मानेची रेषा कशी वळणदार दिसते! आतां डोळा अगदीं जवळ न्या. वळण नाहींसें होतें व जिन्यासारख्या पायऱ्या दिसूं लागतात. कारण नक्षी काढणारा कारागीर ती चौकटींच्या कागदावर मांडतो; प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या व आडव्या धाग्यांची एक भेट. जाकार्डाच्या पुठ्ठ्याला त्या जागीं छिद्र असेल तर उभा धागा उचलला जातो, नसेल तर नाहीं. अर्धा धागा उचलतां येत नाहीं. तेव्हां इंचांत धाग्यांच्या भेटी जितक्या अधिक, तितका मोर खरा. फ्रान्सांतील लियों शहरीं १८३९ सालीं खुद्द जाकार्डचें चित्र रेशमांत विणलें गेलें. त्यास सुमारें २४,००० पुठ्ठे लागले, आणि पाहणारांस तें विणलेलें नसून कोरीव ठशावरून छापलेलें आहे असा भ्रम होई.

फोनमधील छायाचित्रहि असेंच विणलेलें असतें. त्याच्या चौकटींस पिक्सेल म्हणतात. चादरीच्या धाग्यास जाडी असते. पिक्सेलास स्वतःचें माप मुळींच नसतें. तें त्यास कागदावर उतरल्यावरच येतें. १२०० पिक्सेल रुंदीचें चित्र ४ इंचांत छापलें तर इंचास ३०० पडतात. तेंच २० इंचांवर ताणलें तर इंचास अवघे ६०. छापखान्यांत ज्यास रिझोल्यूशन म्हणतात, तें हेंच: एका इंचांतील वीण.

मग छापखानेवाले इंचास ३०० च कां मागतात? काळ्या शाईच्या छपाईंत करडा रंग नसतोच. शाई लागते किंवा लागत नाहीं. लहान ठिपके छापले तर फिकट, मोठे छापले तर गडद, अशी ती युक्ति आहे. तिला हाफटोन म्हणतात, आणि न्यूयॉर्कच्या डेली ग्राफिक पत्रानें ४ मार्च १८८० रोजीं असें एक छायाचित्र छापलें, तेव्हांपासून तिचें नांव झालें. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर या ठिपक्यांच्या इंचास ८५ ते १०० ओळी बसतात, गुळगुळीत आर्ट पेपरवर १५०. एका ओळीस दोन पिक्सेल द्यावे असा मुद्रकांचा जुना हिशेब, म्हणून १५० ची दुप्पट ३००. योगायोग असा कीं निरोगी डोळाहि साधारण तेवढाच बारकावा टिपतो. एका अंशाचा साठावा भाग ही त्याची सीमा. पुस्तक ३० सेंटिमीटर अंतरावर धरलें, तर इंचास सुमारें २९० ठिपके झाले. मात्र गड्ड्याच्या यात्रेंत उंचावर लावलेला फलक तीस-पस्तीस फुटांवरून पाहतांना इंचास दहा ठिपकेहि डोळ्यास पुरतात. तेव्हां फलकावर शोभलेलें चित्र मासिकांत शोभेलच असें समजूं नये.

आतां माझी चूक आंकड्यांत पाहा. मला आलेली प्रत १६०० पिक्सेल रुंद होती, आणि रांगेंत सोळा जण उभे होते. मामांच्या वांट्यास १०० पिक्सेल आले. मीं ते दोन इंचांवर पसरले. इंचास पन्नास! पडद्यावर छबी अंगठ्याएवढी होती, म्हणून माझी फसगत झाली.

त्यावर उपाय म्हणून मीं आधीं काय केलें, तें सांगण्यास संकोच वाटतो. चित्राच्या माहितींतील ७२ हा आंकडा खोडून ३०० लिहिला. पिक्सेल एकहि वाढला नाहीं. पत्रिकेंतील वय बदलून का कोणी तरुण होतो? मग संगणकाकडून चित्र वाढवून घेतलें. तो शेजारच्या दोन चौकटींची सरासरी काढून मध्यें तिसरी भरतो. दुधांत पाणी घातल्यानें भांडें भरतें, एवढेंच. शेवटीं एका विद्यार्थ्यानें कृत्रिम बुद्धीच्या साधनानें चेहरा स्वच्छ करून आणला. चेहरा खरोखर सुरेख होता. पण मामांच्या डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता, तो त्यांत नव्हता. यंत्रास ठाऊक नव्हतें तें त्यानें कल्पनेनें भरलें होतें. तें चित्र मीं मामींस दाखविलें नाहीं.

पालकांस एक विनंति. अंकासाठीं छायाचित्र देतांना शक्य तर मूळ प्रत द्यावी. फोनवरून धाडावयाचें असल्यास नेहमींप्रमाणें न धाडतां डॉक्युमेंट म्हणून धाडावें, म्हणजे त्याची वीण उसवत नाहीं. पडद्याचें चित्र टिपून धाडूं नये. जुन्या मासिकांतील छापील चित्र स्कॅन केल्यास त्याच्या ठिपक्यांवर नवे ठिपके चढून विचित्र लाटा उमटतात, म्हणून तेंहि शक्यतों टाळावें.

मूळ समूहचित्र मामींच्याच ट्रंकेंत, पुठ्ठ्यावर चिकटविलेलें निघालें. कोणी त्यांना विचारलेंच नव्हतें! चित्र बारा इंच रुंद, मामांची छबी पाऊण इंचाची. दोन इंच छापावयाची तर ६०० पिक्सेल हवे. पाऊण इंचांतून ते काढावयाचे म्हणजे स्कॅन करतांना इंचास ८०० लागतात. आम्हीं १२०० ठेविले. जुन्या रासायनिक छायाचित्रांत एवढा बारकावा लपलेला असतो हें मला ठाऊक नव्हतें.

तें चित्र या अंकांत पुन्हा छापलें आहे. मुद्रितें तपासावयास आलीं तेव्हां मीं तें पान आधीं मामींकडे नेलें. त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. भुवईवर बोट ठेवून त्या व्रणाची हकीकत मात्र सांगितली.